समासातील खुणांचे कूळ

हस्तलिखित जुळाऱ्याच्या हाती जाण्यापूर्वी त्यावर खुणा करण्याची छापखान्यातील रीत जुनी आहे : हे शीर्षक, येथे नवा परिच्छेद, हा शब्द ठळक. छापलेल्या पानावर त्या खुणा दिसत नसत. एचटीएमएलमधील ‘टॅग’चे कूळ याच समासात सापडते.

१९६९ साली आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर व रेमंड लॉरी यांनी या खुणा संगणकासाठी सिद्ध केल्या. मजकूर काय आहे ते खुणेने सांगावे, तो कसा दिसावा हे नंतर ठरवावे, अशी त्यामागची दृष्टी होती. तिच्यातूनच १९८६ मध्ये ‘एसजीएमएल’ हे आंतरराष्ट्रीय मानक झाले. जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत त्यावर आधारलेली एक पद्धत रूढ होती. टिम बर्नर्स-ली यांनी शीर्षक, परिच्छेद व यादी यांच्या खुणा तेथूनच उचलल्या. १९९१ मधील त्यांच्या टिपणात अवघे १८ टॅग आहेत.

रचना साधी आहे. कोनी कंसात ‘पी’ लिहिले की परिच्छेद सुरू होतो. अक्षरापूर्वी तिरकी रेघ देऊन तीच खूण पुन्हा केली की तो संपतो. ‘एच१’ हे सर्वांत थोरले शीर्षक, ‘एच६’ सर्वांत धाकटे. बर्नर्स-ली यांची खरी भर ‘ए’ या एका अक्षराची : ते वाचकाला एका लेखातून दुसऱ्या लेखात नेते.

पुढे ब्राउझरांच्या स्पर्धेत केवळ रूप सांगणारा ‘फाँट’ हा टॅग आला. मराठीला तो महाग पडला. त्या काळातील अनेक मराठी पानांत प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे संकेत साठवलेले असत. विशिष्ट फाँट त्यांवर देवनागरीचा मुखवटा चढवी. तो फाँट नसलेल्या संगणकावर अख्खा लेख निरर्थक चिन्हांचा ढीग होई. डिसेंबर १९९७ च्या चौथ्या आवृत्तीने युनिकोडशी एकरूप अक्षरसंच पायाभूत मानला, ‘फाँट’ टाळण्याचा सल्ला दिला आणि मजकुराची भाषा नोंदवण्याची सोय केली. मराठीसाठी ती खूण ‘एमआर’ अशी दोन अक्षरांची आहे.

व्याकरणात पदपरिच्छेद करताना आपण प्रत्येक पदाची ओळख सांगतो. नवशिक्याने टॅगकडे त्याच नजरेने पाहावे. रूप बदलत राहते. ओळख नीट नोंदवलेला मजकूर मात्र पुढच्या वाचकापर्यंत पोचतो.