घरकुल बांधताना निघणारा राडारोडा: परवानगी, नियोजन आणि लाभार्थ्याची जबाबदारी

प्रधानमंत्री आवास योजनेच्या (शहरी) लाभार्थी-प्रणीत बांधकाम घटकात लाभार्थी स्वतःच्या जागेवर स्वतः घर बांधतो. बहुतेक वेळा त्या जागेवर जुने कच्चे किंवा अर्धपक्के घर उभे असते आणि ते पाडूनच नवे काम सुरू होते. पाडकामातून आणि पुढे बांधकामातून निघणाऱ्या विटा, माती, काँक्रीटचे तुकडे, फुटक्या फरश्या, लाकूड, पत्रे यांना नियमांत 'बांधकाम व पाडकाम कचरा' म्हणतात. बोलण्यात आपण त्याला राडारोडा, मलबा किंवा डेब्रिज म्हणतो.

हा कचरा हलवण्यासाठी योजनेच्या अनुदानात वेगळी रक्कम नसते. मात्र तो योग्य ठिकाणी पोहोचवण्याची जबाबदारी कायद्याने घरमालकावर आहे. म्हणून त्याचा हिशेब घर पाडण्यापूर्वीच मांडावा.

नियम काय सांगतात

देशभर लागू होणारे पहिले स्वतंत्र नियम मार्च २०१६ मध्ये आले. त्यांची जागा घेणारे नवे नियम २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवण्यात आली. जो बांधतो, पाडतो किंवा दुरुस्ती करतो तो कचऱ्याचा निर्माता, हे सूत्र दोन्हींत आहे. त्याने कचरा वेगवेगळा ठेवावा, रस्त्यावर किंवा गटारात टाकू नये आणि स्थानिक संस्थेने ठरवलेल्या संकलन केंद्रावर द्यावा.

'कचरा व्यवस्थापन आराखडा मंजूर झाल्याशिवाय काम सुरू करता येत नाही' असे सांगून काही मध्यस्थ लाभार्थ्यांकडून पैसे मागतात. अशा वेळी आकडे लक्षात ठेवावेत. २०१६ च्या नियमांत आधी आराखडा मंजूर करून घेण्याची अट दिवसाला २० टन किंवा महिन्याला एका प्रकल्पातून ३०० टन कचरा काढणाऱ्यांसाठी होती. २०२५ च्या नियमांतील नोंदणी आणि पुनर्वापराची उद्दिष्टे २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकाम क्षेत्राच्या प्रकल्पांसाठी आहेत. घरकुल या मर्यादांच्या जवळपासही जात नाही. तरीही काही नगरपालिका छोट्या कामासाठी साधी सूचना किंवा ठरावीक शुल्क मागतात. ते त्यांच्या उपविधीनुसार असते. शुल्क कार्यालयात भरून पावती घ्यावी, कोणाच्या हातात पैसे देऊ नयेत.

तुमच्या घराचा राडारोडा किती?

भारतात अंदाजासाठी काही ठोकताळे वापरले जातात. पक्के घर पाडल्यास चौरस मीटरमागे सुमारे ५०० किलो, अर्धपक्के पाडल्यास सुमारे ३०० किलो, आणि नव्या बांधकामात ४० ते ६० किलो कचरा निघतो.

समजा, २५ चौरस मीटरचे अर्धपक्के घर पाडून ३० चौरस मीटरचे नवे बांधायचे आहे. पाडकामाचे २५ गुणिले ३००, म्हणजे साडेसात टन. नव्या कामाचे ५० किलोच्या दराने दीड टन. एकूण नऊ टन. ट्रॅक्टरच्या एका ट्रॉलीत तीन टन धरले तर तीन फेऱ्या झाल्या. तुमच्या गावातील फेरीचा दर विचारा, तीनने गुणा आणि ती रक्कम सुरुवातीलाच बाजूला काढून ठेवा. अनुदानाचे हप्ते बांधकामाच्या टप्प्यांनुसार मिळतात, आणि पहिला खर्च पाडकामाचाच येतो. त्या वेळी हातात पैसे नसले की ढिगारा रस्त्यावर पडून राहतो.

पाडण्यापूर्वीची चार कामे

सर्वात आधी जिओ-टॅगिंग. योजनेत पहिला फोटो काम सुरू होण्यापूर्वीच्या स्थितीचा घेतला जातो. तो होण्याआधी जुने घर पाडले तर पडताळणी अडते आणि पहिला हप्ता लांबू शकतो. फोटो झाल्याचे पालिकेच्या आवास कक्षात विचारून खात्री करा.

दुसरे, बांधकाम परवानगी. लाभार्थी यादीत नाव आले म्हणजे परवानगी मिळाली असे नाही. अनेक नगरपालिका घरकुलांसाठी तयार नकाशे देतात, त्यामुळे हे काम वाटते तितके अवघड नसते. अर्ज करतानाच 'राडारोडा कुठे टाकायचा' हे विचारा आणि उत्तर अर्जाच्या प्रतीवर लिहून घ्या. तोंडी सांगितलेली जागा पुढे कोणी मान्य करेलच असे नाही.

तिसरे, शहरात कोणती सोय आहे ते पाहा. दिल्लीत बुराडी येथे २००९ पासून राडारोड्यावर प्रक्रिया होते. अहमदाबाद, इंदूर आणि हैदराबादमध्येही असे प्रकल्प आहेत. मुंबईत महापालिकेची 'डेब्रिज ऑन कॉल' सेवा आहे. फोनवर बोलावण्याची अशी सेवा घरातल्या छोट्या दुरुस्तीसाठी सोयीची असते. पूर्ण घर पाडल्यावर निघणाऱ्या नऊ टनांसाठी वाहन आणि शुल्क यांची चौकशी आधीच करावी लागते. छोट्या नगरपरिषदांकडे प्रकल्प नसला तरी ठरवून दिलेली जागा असू शकते. बांधकाम किंवा आरोग्य विभागात विचारावे.

चौथे काम गवंडी किंवा ठेकेदाराशी बोलण्याचे. मजुरी ठरवताना 'राडारोडा उचलण्यासह' की 'वगळून' हे साध्या कागदावर लिहून दोघांनी सही करा. ठेकेदाराच्या माणसाने रात्री ट्रॉली नाल्यात रिकामी केली तरी नोटीस मालकाच्या नावाने निघू शकते.

काय विकता येते, काय वापरता येते

ढिगाऱ्यातला बराच भाग कचरा नसतोच. घर घाईने एका दिवसात पाडले की सगळे एकमेकांत मिसळते. दोन दिवस जास्त घेऊन वरून खाली या क्रमाने उतरवले तर दारे, खिडक्या, वासे, लोखंडी पत्रे आणि सळया वेगळ्या निघतात. लोखंड भंगारात जाते, आणि त्या पैशांतून एखाद्या फेरीचे भाडे निघू शकते. साबूत विटा साफ करून रचून ठेवा. आवाराची भिंत, न्हाणीचा ओटा, पायऱ्या अशा कामांना त्या चालतात.

विटांचे तुकडे आणि माती नव्या घराच्या जोत्यात भरणी म्हणून वापरता येतात. त्यात लाकूड, प्लास्टिक, कापड राहू देऊ नका. ते कुजले की पोकळी होते आणि फरशी खचते. भरणी एकदम न टाकता थराथराने टाकून, पाणी मारून धुमसावी. हे नीट केले तर वाहून न्यायचा ढीग कमी होतो आणि मुरमाचा खर्चही वाचतो.

मात्र हाताने फोडलेला मलबा खडी म्हणून काँक्रीटमध्ये वापरू नये. भारतीय मानक ३८३ नुसार पुनर्वापराची जाड खडी सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत आणि तीही एम-२५ पर्यंतच्या काँक्रीटमध्ये चालते. ती प्रकल्पात प्रक्रिया करून तपासलेली खडी असते. अंगणातला मलबा कॉलम आणि स्लॅबमध्ये गेला तर घराच्या मजबुतीशी खेळ होतो.

जुन्या घरावर सिमेंटचे पन्हाळी पत्रे असतील तर जास्त काळजी घ्या. अशा अनेक पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतो आणि त्याची बारीक धूळ फुफ्फुसांना घातक असते. पत्रे पाण्याने ओले करून, न फोडता, अखंड उतरवा. नाकातोंडाला चांगला मास्क लावा, मुलांना दूर ठेवा. हे तुकडे जोत्यात भरू नका, वेगळे ठेवून पालिकेला वेगळे कळवा.

रोजच्या ओल्या-सुक्या कचऱ्यात राडारोडा मिसळू नये. घंटागाडीचे कर्मचारी तो नाकारतात आणि ते बरोबरच आहे.

टाकला तर काय होते

नाल्यात पडलेला ढिगारा पहिल्या मोठ्या पावसात पाणी अडवतो, आणि ते पाणी बहुधा त्याच वस्तीत शिरते. दंडाची रक्कम प्रत्येक शहराच्या उपविधीत वेगळी आहे. यमुनेच्या बाबतीत राष्ट्रीय हरित लवादाने जानेवारी २०१५ मध्ये नदीत बांधकामाचा मलबा टाकणाऱ्याला ५०,००० रुपये भरावे लागतील असा आदेश दिला होता. अडीच लाखांपर्यंतच्या अनुदानातून घर उभारणाऱ्या कुटुंबाला एवढी रक्कम परवडणारी नाही.

दिल्ली आणि आसपासच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील लाभार्थ्यांसाठी आणखी एक बाब आहे. हिवाळ्यात हवा अतिशय बिघडली की टप्प्याटप्प्याच्या कृती आराखड्यानुसार बांधकाम आणि पाडकामावर बंदी येते. तिथे पाडकाम नोव्हेंबरच्या आधी संपवावे. ५०० चौरस मीटर किंवा मोठ्या भूखंडांना असलेली धूळ-नियंत्रण पोर्टलवरील नोंदणी घरकुलांना लागत नाही, पण ढीग ताडपत्रीने झाकणे आणि पाणी मारणे हे छोट्या कामालाही लागू आहे.

ग्रामीण घरकुलात जागा बहुधा ग्रामपंचायत दाखवते. खड्डा भरण्यासाठी किंवा पाणंद रस्त्यासाठी ग्रामपंचायतीला मलबा हवा असेल तर ग्रामसेवकाकडून तसे लेखी घ्यावे. गायरान, ओढा किंवा तळ्याची कड मोकळी दिसली तरी तिथे टाकू नये. संकलन केंद्राची पावती, ट्रॉलीच्या फेऱ्यांची चिठ्ठी आणि रिकाम्या झालेल्या जागेचा एक फोटो घरकुलाच्या फाइलमध्ये लावून ठेवा. शेजाऱ्याने तक्रार केली किंवा पालिकेची नोटीस आली तर हीच कागदपत्रे दाखवता येतात.