महाड–पोलादपूर : अंतरे व प्रवासकाळ

रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे, सावित्री खोऱ्यातील दोन तालुके. पूर्वेस सह्याद्रीची मुख्य रांग आडवी असल्याने घाटमाथ्यावरील गावांचे सरळ रेषेतील अंतर व रस्त्याचे अंतर यांत मोठी तफावत पडते. प्रवासाला लागणारा वेळ किलोमीटरपेक्षा घाट आणि पाऊसच ठरवतात.

महामार्ग : मुंबई–गोवा महामार्गाचे (पूर्वीचा क्र. १७, आता ६६) किलोमीटर पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यापासून मोजतात. तेथून महाड सु. ११५ किमी. व पुढे पोलादपूर सु. २० किमी. मुंबई–महाड अंतराचे आकडे एकसारखे आढळत नाहीत. शहराचे कोणते टोक धरले, त्यावर ते बदलतात. एरवी चार-पाच तासांचा हा प्रवास गणपतीच्या तोंडावर कितीही लांबतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळून दोन एसटी गाड्या व काही वाहने वाहून गेली. नवा पूल जून २०१७ मध्ये खुला झाला. पोलादपूर–खेड दरम्यानच्या कशेडी घाटास पूर्वी पाऊण तास लागे. सु. २ किमी.च्या बोगद्यातून (पहिली वाहतूक २०२३) तो टप्पा दहा-एक मिनिटांवर आला.

आंबेनळी घाट : पोलादपूर ते महाबळेश्वर. सरळ रेषेत सु. २० किमी., रस्त्याने सु. ४० किमी.; वेळ सव्वा ते दीड तास.  महाबळेश्वरचे पठार समुद्रसपाटीपासून १,३०० मी.हून उंच असल्याने चढ हजार मीटरहून अधिक भरतो. तीव्र वळणांवर अवजड गाड्या पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढतात. अरुंद जागी उतरणीच्या वाहनाने थांबून चढणीच्या वाहनास वाट द्यावी, असा नियम आहे. वाटेत प्रतापगडाचा फाटा लागतो. मुंबईचे गव्हर्नर (१८६७–७२) सर सीमोर फिट्झजेरल्ड यांच्यावरून यास फिट्झजेरल्ड घाट असेही नाव होते. २८ जुलै २०१८ रोजी दापोली कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळून ३० जण मरण पावले. एकच जण वाचला. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत रस्ता ठिकठिकाणी खचून वाहतूक बंद पडली.

वरंध घाट : महाड–भोर–पुणे. सरळ रेषेत सु. ७० किमी., रस्त्याने सव्वाशेच्या आसपास. पावसाळ्यात दरडींमुळे अनेकदा बंद. तेव्हा माणगाव–ताम्हिणी मार्गाने वळसा.

जलमार्ग : गाडीरस्ते होण्यापूर्वी मुंबईहून गलबताने बाणकोट, तेथून भरतीच्या पाण्यावर सावित्रीच्या खाडीतून दासगाव–महाड व पुढे पार घाटाने घाटमाथा, असा प्रघात होता. वेळ वारा व भरती-ओहोटीवर अवलंबून असे. ओहोटी लागली की पुढच्या भरतीपर्यंत मुक्काम. महाडची जुनी बाजारपेठ याच वाहतुकीवर वाढली.

रेल्वे : कोकण रेल्वे महाड शहराबाहेरून जाते, जवळचे स्थानक वीर. पोलादपुरास स्थानक नाही.

विमान : दोन्ही तालुक्यांत विमानतळ नाही. जवळचे विमानतळ पुणे, मुंबई व २०२५ पासून नवी मुंबई.