इमला कुणाचा? शहाद्याच्या कागदांची एक गोष्ट

दरवर्षी जूनमध्ये शाळेत प्रवेशाचे फॉर्म भरताना टेबलावर दोन वस्तू ठेवाव्या लागतात, पेन आणि शाईचा पॅड. पेन देऊ की पॅड पुढे करू, हा प्रश्न समोर आलेल्या आईला विचारायचा नसतो. तिच्या हाताकडे बघून ओळखायचा असतो. ज्यांना सही येत नाही त्या बाया आधीच डावा अंगठा मुठीत घेऊन उभ्या असतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका बाईंना मी अंगठा उमटवण्याआधी फॉर्म वाचून दाखवला. मुलाचं नाव, जन्मतारीख, मातृभाषा, पत्ता, एवढंच. त्या म्हणाल्या, "बाई, आजपर्यंत पुष्कळ ठिकाणी अंगठा दिला. वर काय लिहिलंय ते कुणी पहिल्यांदाच सांगितलं."

त्यांच्या मुलाची जन्मतारीख चुकली होती. वाचल्यामुळे सापडली.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. उर्दूच्या तासाला आम्ही ज्याला इमला म्हणतो तो मराठीच्या तासाला श्रुतलेखन होतो. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं लिहायचं. बी.एड.ला भाषेची चार कौशल्यं शिकवतात, ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं. पण बोलणारा कोण असावा आणि लिहिणारा कोण, हे त्या पुस्तकात नव्हतं. ते मला शहाद्याच्या इतिहासानं शिकवलं.

अंगठ्यापासूनच सुरुवात करू. अंगठा आपल्याकडे पूर्वापार चालत आलेला आहे असं आपण धरून चालतो. तसं नाही. जुन्या मोडी कागदांवर लिहिता न येणाऱ्याची वेगळी खूण असे. शेतकरी असेल तर नांगराचं चित्र, शिपाईगडी असेल तर कट्यार, बाई असेल तर कांकण. शेजारी लिहिणारा लिही, 'निशाणी नांगर'. माणूस निरक्षर असला तरी तो कोण आहे, काय करून जगतो, एवढं ती खूण बोलायची. बोटांचे ठसे सरकारी कामात आले ते इंग्रजांच्या काळात, बंगालमधून. १८५८ साली विल्यम हर्शेल या अधिकाऱ्यानं राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर घेतला. हेतू काय, तर पुढे त्याला 'ही सही माझी नाही' म्हणायची हिंमत होऊ नये. पुढे १८७७ मध्ये हुगळीला दस्तनोंदणीत बोटांचे ठसे घ्यायला लागले. (ठशांचं वर्गीकरण बसवण्यात मोठा हात काझी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचा होता. नाव मात्र साहेबांचं, हेन्रींचं, झालं.) नांगर गेला आणि अंगठा आला. अंगठा कुणाचा हे नक्की कळतं, पण तो माणूस काय म्हणाला ते अंगठ्यात कुठेच नसतं.

आता शहाद्याकडे येऊ. १९०६ साली खानदेशाचे दोन भाग झाले, तेव्हा हा भाग पश्चिम खानदेशात गेला, नंतर तो धुळे जिल्हा झाला आणि १९९८ पासून आपण नंदुरबार जिल्ह्यात आहोत. गोमाईच्या काठची काळी, कसदार जमीन. तिच्यावर आणि वर सातपुड्यात भिल्ल, पावरा ही माणसं पिढ्यानपिढ्या कसत आली. त्यांच्याकडे जमीन होती, जमिनीचा कागद नव्हता. कुणाचं शेत कुठे संपतं हे बांध सांगायचा, झाड सांगायचं, म्हातारी माणसं सांगायची. इंग्रजी अमलात मोजणी झाली, सातबारा आला, जंगल राखीव झालं, आणि जे कागदावर नाही ते नाहीच, असा कायदा झाला. अडीअडचणीला धान्य लागे, बियाणं लागे, लग्नाला पैसा लागे. सावकाराकडे बोलणं व्हायचं एक आणि खतावर उतरायचं दुसरं. बोलणं भिलोरीत किंवा अहिराणीत, खत मोडीत नाहीतर व्यापाऱ्यांच्या स्वतःच्या लिपीत, आणि त्यातले शब्द बघा: गहाण, फारखत, दस्त, कब्जा, मुदत, वारस, हक्क. हे बहुतेक फारसी-अरबीतून आलेले. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तरी कचेरीतून ते हलले नाहीत. मला ते उर्दूमुळे घरचे वाटतात. आमच्या भिलाटीतल्या माणसाला ते किती परके वाटत असतील, याचा विचार मी फार उशिरा केला.

हे फक्त इथलंच दुःख नव्हतं. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी उठले आणि उठाव पुणे-अहमदनगर भागात पसरला, तेव्हा त्यांना मुख्यतः हवी होती ती सावकाराकडची खतं. ज्यांनी खतं दिली त्यांना बहुधा हातही लागला नाही. खतांची होळी झाली. वाचता न येणाऱ्यांनी कागद किती नीट ओळखला होता! त्यानंतर १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या कर्जाविषयीचा कायदा आला. शेतकऱ्याचं खत गावच्या निबंधकासमोरच लिहिलं जावं, अशी त्यात सोय होती. पण तो आधी पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता.

इथे मला सूरह अल्-बकराची २८२वी आयत आठवल्याशिवाय राहत नाही. कुरआनातली ही सर्वांत लांब आयत. ती नमाजवर नाही की रोज्यावर नाही. ती उधारीच्या कागदावर आहे. मुदतीचं कर्ज असेल तर लिहून घ्या, लिहिणाऱ्यानं न्यायानं लिहावं, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका, असा तिचा आशय. आणि एक बारकावा, जो वाजमध्ये क्वचित ऐकू येतो: मजकूर कुणी सांगायचा? ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्यानं. देणाऱ्यानं नाही, घेणाऱ्यानं. त्याला सांगता येत नसेल तर त्याच्या वतीनं त्याच्या वलीनं, तेही न्यायानं. म्हणजे इमला कमजोर बाजूचा. खतावर आवाज कर्जदाराचा हवा.

शहाद्याच्या खतांवर आवाज सावकाराचा होता आणि फक्त अंगठा कर्जदाराचा. आणि खरं सांगायचं तर आपल्या मोहल्ल्यातही ही आयत पाठ असलेले पुष्कळ आहेत, उधारीची वही गिऱ्हाईकाला वाचून दाखवणारे थोडे. 'जबान दी है' यावरच आपला व्यवहार चालतो आणि त्यावरूनच तुटतो.

जमीन गेली की माणूस त्याच शेतात सालदार व्हायचा. खानदेशात सालदारकीचं वर्ष आखाजीला सुरू होतं. सालदाराला हाक मारायची ती 'ए' किंवा 'अरे'. साठीच्या माणसाला मालकाचं दहा वर्षांचं पोरगं 'तू' म्हणे. उर्दूच्या पहिल्या इयत्तेत मी तू, तुम, आप शिकवते तेव्हा मुलांना तो व्याकरणाचा भाग वाटतो. इथे त्यावर एक चळवळ उभी राहिली.

१९३०च्या दशकात तळोदा भागात मोरवडचे गुलाम महाराज पुढे आले. दारू सोडा, स्वच्छ राहा, एकत्र येऊन आरती करा, असं त्यांचं सांगणं. आणि त्यांच्या माणसांनी एकमेकांना म्हणायचं 'आप'. नमस्कार घालायचा तोही 'आप की जय'. ज्यांना आयुष्यभर कुणी 'तुम्ही' म्हटलं नाही, त्यांनी लहानथोर, बाईमाणूस सगळ्यांना 'आप' म्हणायला सुरुवात केली. आरतीला हजारोंनी लोक जमू लागले. गुलाम महाराज १९३८ मध्ये गेले, पुढे भाऊ रामदास महाराजांनी काम चालवलं. जमीनदार आणि सरकार दोघांनाही ही गर्दी खुपली. त्या गर्दीच्या हातात शस्त्र नव्हतं, एक सर्वनाम होतं. ते सर्वनाम आमच्या भाषेतलं आहे याचा मला आनंद आहे, पण आमच्यापैकी कुणी ते त्यांना जाऊन दिलं नव्हतं. त्यांनी ते स्वतः उचललं.

तीसेक वर्षांनी अंबरसिंग सुरतवंती उभे राहिले. लोक त्यांना अंबरसिंग महाराज म्हणत. स्वतः भिल्ल, सर्वोदयाच्या संस्कारातले, आणि भजन म्हणणारे. लोक रात्री भजनाला जमत, आणि भजन संपल्यावर कुणाची जमीन कशी गेली, कुणाच्या बाईवर कुणी हात टाकला, हे बोलणं निघे. ज्या गोष्टी कुठल्या दप्तरात नव्हत्या त्यांची नोंद अशा बैठकीत होत होती. २ मे १९७१ ला पाटीलवाडीला धान्यावरून आदिवासींवर गोळीबार झाला आणि तालुका हादरला. ३० जानेवारी १९७२ ला, गांधीजींच्या पुण्यतिथीला, शहाद्यात भू-मुक्ती परिषद भरली. त्याच वर्षी श्रमिक संघटना स्थापन झाली. कुमार शिराळकरांसारखे शहरातले शिकलेले तरुण इथे राहायला आले. त्यांच्यासाठी पहिलं काम होतं इथली बोली शिकणं. या तालुक्यात शिकलेली माणसं गरिबाची भाषा शिकायला आली, हे तोवर फारसं घडलेलं नव्हतं. आलेली माणसं आपली भाषा शिकवायलाच येत.

बायांनी तर वेगळीच भाषा वापरली. १९७२-७३च्या सुमारास गावोगाव भिल्ल बाया एकत्र निघाल्या आणि दारूच्या गुत्त्यांवरची मडकी फोडली. अर्ज नाही, निवेदन नाही. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला चारचौघांत उभं करून जाब विचारला. आपण बाईच्या गप्प राहण्याला होकार समजत आलो आहोत. निकाहाच्या वेळी लाजऱ्या मुलीचं मौन संमती धरायची मुभा आहे, पण तिला विचारणं आधी बंधनकारक आहे, हे पुष्कळ जण सोयीनं विसरतात. सालदाराच्या घरातल्या बाईला तर कुणी कधी विचारलंच नव्हतं. तिच्या गप्प राहण्याचा अर्थ काय होता, हे मडकं फुटल्यावर गावाला कळलं.

अंबरसिंग १९७४ मध्ये फार लवकर गेले. पण ज्या जमिनीचं ते बोलत होते ते बोलणं तोवर विधिमंडळापर्यंत पोचलं होतं. त्याला शहादा हे एकटंच कारण नव्हतं, पण मोठं कारण होतं. ६ जुलै १९७४ पासून आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही असं ठरलं. आणि १ नोव्हेंबर १९७५ पासून लागू झालेल्या दुसऱ्या कायद्यानं, १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेल्या जमिनी परत मिळवण्याचा मार्ग उघडला. प्रत्यक्षात किती जणांना जमीन मिळाली आणि किती जण तारखांना थकून घरी बसले, हा वेगळा, कडू विषय आहे. पण मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की खताखाली अंगठा आहे एवढ्यानं व्यवहार खरा ठरत नाही, हे सरकारनं कबूल केलं.

याच चळवळीतून वाहरू सोनवणे आले. 'गोधड' हा त्यांचा कवितासंग्रह. त्यांची 'स्टेज' ही कविता आज देशभर ओळखीची आहे. आदिवासींचं दुःख आदिवासींनाच खाली बसवून मंचावरून दुसऱ्यांनी सांगावं, याविषयीची ती आहे. मराठीच्या शिक्षकांनी ती वर्गात जरूर घ्यावी. मी घेते, आणि ती शिकवताना फळ्याजवळून बाजूला होते. कारण वर्गातही मंच असतोच.

अंगठा आज परत आला आहे, मशीनच्या रूपात. रेशनच्या दुकानात ऊसतोड करून आलेल्या माणसाचं बोट मशीन ओळखत नाही, कारण कामानं रेषाच झिजलेल्या असतात. तो बोट पाण्यात भिजवतो, डोक्यावरून फिरवतो, पुन्हा ठेवतो. 'मी तोच आहे' असं तो तोंडानं सांगतो, ते ऐकायची सोय मशीनमध्ये नाही.

आणि तरी एक दार उघडलं आहे. २००६च्या वनहक्क कायद्याचे नियम १ जानेवारी २००८ पासून आले. त्यात कसत असल्याचा पुरावा म्हणून सरकारी कागद चालतो, तसंच बांधबंदिस्ती, झोपडी, दफनभूमी, पवित्र झाड यांसारखी जमिनीवरची खूणही चालते. आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा जबाबही चालतो, मात्र लिहून घेतलेला. बोललेलं, लिहिलेलं आणि न बोललेलं, तिन्ही एका नियमात.

माझ्या ओळखीचे एक शिक्षक धडगावकडे असे जबाब लिहून द्यायला जायचे. त्यांनी सांगितलेला एक प्रसंग. म्हाताऱ्या बाबांना विचारलं, शेजारचा हा कुटुंबवाला कधीपासून कसतो? बाबांनी साल सांगितलं नाही. म्हणाले, सुकडी खाल्ली त्याच्या आधीपासून. मग बाबांनी हात करून एक मोह दाखवला, त्याच्या खाली कुणाला पुरलंय ते सांगितलं. शिक्षकांनी लिहिलं, 'अंदाजे सन १९७२ पूर्वीपासून', दुष्काळी कामांवर सुकडी वाटत होते ते वर्ष. मोहाचं झाडही लिहिलं. मग त्यांनी पॅड उघडला. बाबांनी अंगठा पुढे केला नाही. म्हणाले, वाचून दाखव. सरांनी पावरीत समजावत वाचलं. बाबांनी मध्येच थांबवलं. सरांनी लिहिलं होतं, 'तो कसतो'. बाबा म्हणाले होते, 'ते कसतात', तिघं भाऊ. सरांनी शब्द खोडून वर दुरुस्ती केली, पुन्हा वाचलं. मग बाबांनी डावा अंगठा शाईवर टेकवला.