वेकफिल्डचे ग्रंथपाल आणि त्यांची साडेतीन हजार भांडी

मंडळी, बाजारात मडकं घेताना आपण काय करतो? बोटाने टकटक वाजवून बघतो. खणखणीत वाजलं तर पक्कं, बद्द वाजलं तर कुठेतरी तडा आहे. पण ही परीक्षा झाली पाणी भरायच्या मडक्याची. जे भांडं बघायला, हातात धरायला घ्यायचं, आणि ज्याचा कुंभार अजून हयात आहे, त्याची परीक्षा कशी करायची? जुन्या वस्तूच्या बाजूने काळाने कौल दिलेला असतो. नव्या वस्तूच्या बाबतीत घेणाऱ्यालाच कौल द्यावा लागतो, आणि तोही खिशात हात घालून. आज आपण अशाच एका घेणाऱ्याची गोष्ट पाहणार आहोत.

त्याआधी थोडी पार्श्वभूमी. 1920 मध्ये बर्नार्ड लीच आणि त्यांचे जपानी मित्र शोजी हमाडा यांनी इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, सेंट आयव्हज इथे भट्टी घातली. कारखान्यात साच्यातून निघालेल्या कपबश्यांच्या देशात हे दोघं हाताने, चाकावर भांडी घडवत होते. लीच यांचं म्हणणं असं, की चांगलं भांडं रोजच्या जेवणात यायला हवं. त्याच काळात लंडनमध्ये विल्यम स्टेट मरे नावाचे दुसरे गृहस्थ अगदी उलट बोलत होते. ते आपल्या उंच घटांना चित्रांसारखी नावं देत, चित्रांच्या प्रदर्शनात मांडत आणि किंमतही त्याच तोडीची लावत. ‘व्हील ऑफ लाइफ’ हा त्यांचा घट आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. म्हणजे भांडं की शिल्प, हा वाद आजचा नाही बरं का, शंभर वर्षांचा आहे.

या दोन्ही बाजूंची भांडी शांतपणे विकत घेणारा एक धर्मगुरू होता. एरिक मिल्नर-व्हाइट, यॉर्कच्या कॅथीड्रलचे डीन. लीच, हमाडा, मरे यांची निवडक भांडी त्यांनी जमवली आणि पुढे यॉर्क आणि साउदम्प्टनच्या कलादालनांना देऊन टाकली. ‘निवडक’ हा शब्द लक्षात ठेवा. त्यांची नजर चोखंदळ होती, मोजकं घ्यायचं आणि उत्तम घ्यायचं.

आता आपल्या मुख्य माणसाकडे येऊ. विल्यम आल्फ्रेड इस्मे. जन्म 1910, गाव यॉर्कशरमधलं वेकफिल्ड, पेशा ग्रंथपालाचा. जहागीर नाही, कारखाना नाही, पगार बेताचा. राहायला एकाला एक लागून असलेल्या घरांच्या ओळीतलं एक लहानसं घर. 1955 मध्ये त्यांनी पहिलं भांडं घेतलं आणि मग जवळजवळ अर्धशतक ते थांबले नाहीत. 2001 मध्ये ते वारले तेव्हा त्या घरात 3,600 हून अधिक भांडी होती, 500 हून अधिक कुंभारांच्या हातची. फळ्यांवर, टेबलावर, जमिनीवर, जिथे मोकळी जागा दिसेल तिथे भांडी. आपल्याकडे एखाद्या वाड्यात पुस्तकांनी घर गिळलेलं आपण पाहिलंय, तसं इथे मातीने गिळलं होतं.

हे एका पगारावर जमलं कसं? उत्तर सरळ आहे. ते समकालीन भांडी घेत होते. नव्या कुंभाराची वाटी तेव्हा सामान्य माणसाला परवडत होती. ल्युसी री यांचंच बघा. 1938 मध्ये नाझींपासून वाचण्यासाठी व्हिएन्ना सोडून लंडनला आल्या, युद्धाच्या काळात कपड्यांची मातीची बटणं करून पोट भरलं. त्याच बटणांच्या कामाला 1946 मध्ये हान्स कोपर नावाचा दुसरा निर्वासित तरुण आला, ज्याने आधी कधी मातीला हात लावला नव्हता. आज लिलावात कोपर यांच्या घटांना लाखाहून अधिक पौंड मोजलेले आहेत. पण त्या वेळी दिलेल्या चार पैशांतून कुणा कुंभाराच्या भट्टीचं सरपण आलं, हे जास्त महत्त्वाचं, असं आम्हाला वाटतं. मेलेल्या कलावंताचं चित्र घेतलं तर पैसा दलालाकडे जातो. जिवंत कुंभाराचं भांडं थेट घेतलं तर पुढचं भांडं होतं.

आणि इस्मे निवडक नव्हते. इथे ते मिल्नर-व्हाइट यांच्यापासून पूर्ण वेगळे पडतात. प्रसिद्ध नावाशेजारी ज्याचं नाव आज कुणाला आठवत नाही अशा कुंभाराचा मग. काही जण याला हावरेपणा म्हणतील. आम्ही याला ग्रंथपालाची सवय म्हणू. ग्रंथालयात फक्त उत्तम पुस्तकं ठेवून चालत नाही, त्या काळात काय लिहिलं गेलं ते सगळं दिसायला लागतं. त्यांनी पावत्या ठेवल्या, कुंभारांची पत्रं ठेवली, प्रदर्शनांच्या पुस्तिका ठेवल्या. इतिहासकाराला याहून काय हवं? कोणतं भांडं केव्हा, कुणाकडून, किती पैशांना घेतलं, हे कळतं. युद्धोत्तर ब्रिटनमधल्या हातकुंभारीचा जवळजवळ पूर्ण ताळेबंद एका ओळीतल्या घरात बसला होता.

ही भांडी ते वापरतही. पाहुणे आले की चहा त्याच कपांतून. हातातून सुटलं तर फुटणार, हे ठाऊक असूनही. कारण कपाचा कान बोटांना कसा बसतो, ओठाला काठ कसा लागतो, हे बघून नाही कळत. आपल्या घरातली लोणच्याची चिनीमातीची बरणी आठवा. ती उचलताना जो थंड, जड भार हाताला लागतो, तो फोटोत येत नाही.

इस्मे यांनी सगळा संग्रह यॉर्कला दिला. 2015 मध्ये यॉर्क आर्ट गॅलरी नव्याने उघडली तेव्हा तिथे मृत्तिकाकलेसाठी स्वतंत्र केंद्र सुरू झालं, आणि मिल्नर-व्हाइट यांची निवडक भांडी व इस्मे यांचा भांड्यांचा डोंगर एका छताखाली आले. हजारो लोकांना ती भांडी बघता येतात. पण बहुतेक काचेआडून. फुटू नयेत म्हणून हे करावंच लागतं, संग्रहालयाला दोष देता येत नाही. तरी ज्या कपातून वेकफिल्डमध्ये पाहुण्यांनी चहा घेतला तो आता कोरडा आहे, आणि त्याचं वजन किती ते फक्त हातमोजे घातलेल्या कर्मचाऱ्याला माहीत.

वेळ संपत आली. पुढच्या व्याख्यानात आपण ल्युसी री यांच्या बटणांपासून सुरुवात करू.