पुढच्यास ठेंच

‘पुढच्यास ठेंच, मागचा शहाणा’ ही म्हण आपण मुलांना सहज सांगून जातों. परंतु तींत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. पुढच्यानें ठेंच लागल्याचें सांगितलें पाहिजे व मागच्यानें तें ऐकलें पाहिजे. ह्यांपैकीं एक जरी गोष्ट घडली नाहीं, तरी वाटेंतला दगड जागच्या जागींच राहतो. विमानविद्येच्या इतिहासांत ह्या म्हणीची फार कठोर परीक्षा झाली आहे. कारण आकाशांत ज्याला ठेंच लागते, तो ती सांगावयास बहुधा उरत नाहीं.

मोठ्या जेट विमानाचें सुकाणू नुसत्या मनगटाच्या जोरावर हलत नाहीं. वैमानिकाच्या हातची हालचाल तारांनीं मागें जाते आणि नळ्यांतील तेलाच्या दाबानें पंखांच्या व शेपटीच्या पट्ट्या हलतात, अशी १९७० च्या सुमाराच्या विमानांची रचना होती. तारा तुटल्या किंवा तेल वाहून गेलें, म्हणजे एंजिनें धडधडत असूनही विमान लगाम तुटलेल्या घोड्यासारखें होई.

अमेरिकन एअरलाइन्सचे कॅप्टन ब्राइस मॅकॉर्मिक ह्यांना नव्या डीसी-१० विमानाविषयीं हीच शंका आली. ती मनांत ठेवून ते स्वस्थ बसले नाहींत. सिम्युलेटर म्हणजे जमिनीवर उभें केलेलें विमानाचें हुबेहूब सोंग. त्यांत बसून केवळ एंजिनांचा जोर कमीजास्त करून विमान कसें वळवावें, ह्याचा त्यांनीं अभ्यास केला. १२ जून १९७२ रोजीं डेट्रॉइटहून निघाल्यावर थोड्याच वेळांत त्यांच्या विमानाच्या मागील मालखान्याचें दार उडालें, वरची जमीन खचली आणि शेपटीकडील बहुतेक ताबा सुटला. मॅकॉर्मिक ह्यांनीं एंजिनांच्या आधारें विमान डेट्रॉइटला परत आणलें. आंतील ६७ माणसें वांचलीं.

वैमानिकानें आपलें काम केलें होतें. आतां ऐकण्याची पाळी दुसऱ्यांची होती. दाराच्या कडीचा दोष तपासांत उघड झाला व सुधारणाही सुचविण्यांत आल्या. पण सक्तीचा हुकूम न काढतां कारखानदार व सरकारी विमानखातें ह्यांनीं तें प्रकरण आपसांतल्या समजुतीनें मिटविलें. तुर्की कंपनीला विकलेल्या एका डीसी-१० विमानाच्या कागदोपत्रीं दुरुस्ती पूर्ण झालेली होती, प्रत्यक्षांत ती झालेलीच नव्हती. ३ मार्च १९७४ रोजीं पॅरिसजवळच्या एर्मेनोन्व्हिलच्या अरण्यांत तें कोसळलें. दार तेंच, दोष तोच. मृत्यू मात्र ३४६.

पुढें १२ ऑगस्ट १९८५ रोजीं जपान एअरलाइन्सचें बोइंग ७४७ टोकियोहून निघालें. सात वर्षांपूर्वीं शेपटी धांवपट्टीवर घांसल्यामुळें त्याची दुरुस्ती झाली होती, पण ती चुकीची. मागील पडदा फुटला, उभी शेपटी तुटली आणि चारही मार्गांनीं तेल वाहून गेलें. कॅप्टन ताकाहामा व त्यांचे सहकारी सुमारें अर्धा तास एंजिनांशीं झुंजत राहिले. विमान डोंगरावर आदळलें. ५२४ पैकीं चौघेजण जगले.

ती झुंज सर्वस्वीं वायां गेली असें मात्र नाहीं. ह्या अपघाताची हकीकत अमेरिकेंत युनायटेड एअरलाइन्सचे एक शिक्षक-वैमानिक डेनिस फिच ह्यांच्या मनाला लागून राहिली. नुसत्या एंजिनांनीं विमान संभाळतां येईल काय, हें त्यांनीं सिम्युलेटरवर करून पाहिलें. १९ जुलै १९८९ रोजीं ते प्रवासी म्हणून डीसी-१० मध्यें बसले असतां शेपटींतील एंजिनाची चकती फुटली आणि तिन्ही मार्गांतील तेल गेलें. फिच ह्यांनीं निरोप पाठविला: मी कांहीं मदत करूं काय?

येथें कॅप्टन अल हेन्स ह्यांचा मोठेपणा दिसतो. १९७८ साली पोर्टलंडजवळ ह्याच कंपनीचें एक विमान इंधन संपून पडलें होतें. सहकाऱ्यांच्या इशाऱ्यांकडे कॅप्टनचें पुरेसें लक्ष गेलें नव्हतें. त्यानंतर १९८१ पासून कंपनीनें वैमानिकांस एकमेकांचें ऐकण्याचें रीतसर शिक्षण सुरू केलें. हेन्स ह्यांनीं परक्या माणसास कक्षांत बोलावून दोन्ही एंजिनांच्या दांड्या त्याच्या हातीं दिल्या. नाक खालीं गेलें कीं जोर वाढवावयाचा, वर चढूं लागलें कीं कमी करावयाचा, अशी पाऊण तास कसरत चालली. सू सिटीच्या धांवपट्टीवर विमान फार वेगानें टेकलें, उजवा पंख आपटला आणि तें मोडून पेटलें. तरीही २९६ पैकीं १८४ माणसें वांचलीं.

तपासकांनीं नंतर तीच स्थिति सिम्युलेटरवर उभी करून इतर वैमानिकांस पारखलें. असें विमान नेमकें उतरविण्याचें खात्रीचें शिक्षण देणें शक्य नाहीं, असा त्यांचा निष्कर्ष झाला. म्हणून धडा वैमानिकांच्या कौशल्यावर सोडून भागण्यासारखें नव्हतें. सर्व तेल एकदम वाहून जाऊं नये म्हणून डीसी-१० च्या नळ्यांत रोधक झडप बसविण्यांत आली. हेन्स ह्यांनीं निवृत्तीनंतर गांवोगांव व्याख्यानें देऊन, आपण एकट्यानें कांहींच केलें नाहीं, हें लोकांस सांगितलें. २२ नोव्हेंबर २००३ रोजीं बगदादवर क्षेपणास्त्र लागून एका मालवाहू एअरबसचें सारें तेल गेलें, तेव्हां विमानांतील तिघा कर्मचाऱ्यांनीं केवळ एंजिनांवर तें उतरविलें व तिघेही जिवंत राहिले.

शहाणपण ठेंचेंत नसतें, ऐकणाऱ्यांत असतें. शंका आली तेव्हांच मॅकॉर्मिक अभ्यासास बसले; फिच परदेशांतील मृतांचें मूक सांगणें ऐकून जागे झाले; हेन्स ह्यांनीं अधिकार असूनही दुसऱ्याचा शब्द मानला. एर्मेनोन्व्हिलचे ३४६ जीव मात्र सर्व कांहीं सांगितलें गेलें असतांनाच गेले.