वैमानिक उतरली

नवे यंत्र भाषेत लवकर रुळते. परंतु ते यंत्र चालविणाऱ्या स्त्रीला काय म्हणावे, हा प्रश्न भाषेला पुष्कळ दिवस छळत राहतो. विमानविद्येच्या आरंभीच्या इतिहासात ह्याचा प्रत्यय पदोपदी येतो.

८ मार्च १९१० रोजी फ्रान्सच्या एरो क्लबने रेमोंद द लारोश ह्यांना ३६ व्या क्रमांकाचा वैमानिक-परवाना दिला. असा परवाना मिळविणाऱ्या त्या जगातील पहिल्या स्त्री. लारोशबाई जन्माने साध्या कारागिराच्या घरातल्या. वृत्तपत्रांनी मात्र त्यांना परस्पर 'बॅरोनेस' करून टाकले. जणू सरदारघराण्यातील बाईचा छंद म्हटल्यावाचून त्यांचे धाडस लोकांना पटलेच नसते! इंग्रजीने 'एव्हिएटर'ला लॅटिन प्रत्यय जोडून 'एव्हिएट्रिक्स' घडविले. वरकरणी ही व्याकरणाची गोष्ट. परंतु त्या प्रत्ययाने स्त्रियांच्या पराक्रमाची वही निराळी झाली.

१९२८ साली अमेलिया एअरहार्ट विमानाने अटलांटिकपार गेल्या, त्या केवळ प्रवासी म्हणून. आपण बटाट्याच्या पोत्यासारख्या गेलो, असे त्या स्वतःच म्हणाल्या. लिंडबर्गच्या नावावरून त्यांना 'लेडी लिंडी' हे नाव मात्र तेव्हाच चिकटले. मे १९३२ मध्ये त्यांनी तोच महासागर एकटीने ओलांडला, तरी ते नाव काही सुटले नाही.

ऑगस्ट १९२९ मध्ये सँटा मोनिका ते क्लीव्हलंड अशी स्त्रियांची विमानशर्यत झाली. विनोदकार विल रॉजर्स ह्यांनी तिला 'पावडर पफ डर्बी' म्हटले, आणि लोकांनी ते उचलले. त्याच शर्यतीत मार्व्हल क्रॉसन ह्यांचा विमान कोसळून अंत झाला. तोंडाला पावडर लावण्याच्या पफाचे नाव आणि त्याखाली एक मृत्यू!

त्याच वर्षी २ नोव्हेंबरला अमेरिकेतील स्त्री-वैमानिकांनी आपली संस्था स्थापिली. संस्थापक सभासद ९९ भरले, म्हणून संस्थेचेही नाव पुढे 'नाइंटी-नाइन्स' असेच ठरले. ना प्रत्यय, ना विशेषण, नुसती संख्या. इतरांनी दिलेल्या नावांना ह्याहून नेमके उत्तर कोणते?

आपल्याकडे १९३६ साली लाहोरला सरला ठकराल ह्यांनी साडी नेसून 'जिप्सी मॉथ' विमान एकटीने उडविले. त्यांच्यासाठी मराठीला नवा शब्द घडविण्याचे कारण नव्हते. 'वैमानिक उतरला', 'वैमानिक उतरली'. आपले क्रियापदच ते काम बिनबोभाट करते. तरीही आपण 'महिला वैमानिक' लिहितो. परक्यांनी मागे जोडलेला प्रत्यय आपण पुढे आणून बसविला, एवढेच.