गाळणीवर राहिलेलं कूळ

पावसाळ्याच्या तोंडावर चंद्रपूर-गडचिरोलीत जनावरांना घटसर्पाची लस टोचतात. ज्याने हा रोग गोठ्यात पाहिलाय त्याला त्या लसीचं मोल सांगावं लागत नाही. सकाळी चरणारी म्हैस दुपारी चारा सोडते, अंग तापतं, गळा सुजून टणक होतो, श्वास घरघरायला लागतो, आणि पुष्कळदा दुसरा दिवस उजाडायच्या आत ती हातची जाते. म्हशींच्या याच रोगामागे १९२०-२१ साली पाश्चर इन्स्टिट्यूटचा एक संशोधक तेव्हाच्या इंडोचायनात पोचला होता. त्याचं नाव फेलिक्स द'हेरेल. जीवाणूंना मारणाऱ्या विषाणूंची, म्हणजे जीवाणुभक्षींची कुळकथा या माणसाला टाळून सांगता येत नाही.

म्हशींकडे वळण्याआधीच त्याचा मुख्य शोध लागून गेला होता. पहिलं महायुद्ध चालू असताना फ्रेंच सैनिकांना रक्ती आव झाली. द'हेरेलने रुग्णांची विष्ठा मांसरसात कालवली, ती चेंबरलँडच्या पोर्सेलीनच्या गाळणीतून गाळली आणि खाली उतरलेलं पाणी आवेच्या जीवाणूंच्या गढूळ वाढीत टाकलं. सकाळी बघतो तर रस नितळ. थाळीवर जीवाणूंचा थर दिला तर त्यात बारीक, गोल, स्वच्छ ठिपके पडलेले. एकेका ठिपक्यात जीवाणू साफ मेलेले. मारणारं काहीतरी कणाकणाचं आहे आणि ते वाढतं, हे त्याने त्या ठिपक्यांवरून ताडलं. रुग्ण बरा व्हायला लागला की विष्ठेतली ही मारकशक्ती वाढते, हेही त्याने टिपलं. सप्टेंबर १९१७ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे त्याचं टिपण वाचलं गेलं, आणि 'बॅक्टेरिओफाज' हे नाव रूढ झालं.

या कुळाचा दावा सांगणारे आणखी दोघे आहेत. इंग्लंडच्या फ्रेडरिक ट्वॉर्टने १९१५ साली असंच काही पाहून 'लॅन्सेट'मध्ये छापलं होतं. त्याच्याही आधी, १८९६ साली, आग्र्यात काम करणाऱ्या अर्नेस्ट हँकिनने लिहून ठेवलं होतं की गंगा-यमुनेचं न उकळलेलं पाणी पटकीच्या जंतूंना काही तासांत मारतं, उकळलं की तो गुण जातो. हँकिनने पाहिलं ते जीवाणुभक्षीच होते का, यावर जाणकारांत एकमत नाही. माझं मत विचाराल तर या शोधाचा मान द'हेरेलचाच, कारण त्याने ठिपके मोजले आणि कण ओळखला.

पुढे त्याने माणसांच्या आतड्याबरोबर कोंबड्यांच्याही आतड्यात हात घातला. १९१९ साली फ्रान्सच्या खेड्यांत कोंबड्यांची साथ होती. तगलेल्या कोंबड्यांच्या विष्ठेत त्याला साथीच्या जीवाणूंना मारणारे भक्षी सापडले. मग म्हशी. मग १९२७ साली तो भारतात आला, पंजाबात पटकीच्या रुग्णांना भक्षी पाजले आणि गावांच्या विहिरींतही सोडले. पुढे आसामातही तसे मोठे प्रयोग झाले. नंतर आपल्याकडचं हे काम मागे पडलं.

या सगळ्या इतिहासाचा उंबरठा म्हणजे ती पोर्सेलीनची गाळणी. १८८४ साली चेंबरलँडने ती केली तेव्हा जीवाणू वर अडावेत आणि खाली स्वच्छ पाणी यावं एवढाच हेतू होता. पण पुढे तीच विषाणूची व्याख्या होऊन बसली. गाळणीतून उतरतो तो विषाणू, वर राहतो तो जीवाणू. प्रयोगशाळांनी गाळण्या बदलल्या, छिद्रं साधारण ०.२ मायक्रॉनवर ठरली, आणि जे वर राहिलं ते धुऊन टाकलं गेलं. थाळीचीही तीच गत. मोठ्या आकाराचा भक्षी थाळीतल्या आगरच्या घट्ट थरातून नीट सरकत नाही, त्यामुळे बहुधा डोळ्यांना दिसेल एवढा ठिपका पाडत नाही. ठिपका नाही म्हणजे भक्षी नाही, असं बराच काळ मानलं गेलं.

अशी चूक विषाणूंच्या दुसऱ्या घराण्यातही घडली. इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डच्या शीतकरण मनोऱ्यातून १९९२ साली मिळालेला अमीबाचा विषाणू आकारामुळे जीवाणू म्हणून पडून राहिला. तो विषाणू आहे हे २००३ साली कळलं. त्याचे भाऊबंद आपल्या मुंबईत आयआयटीच्या किरण कोंडाबागील यांच्या गटाने शोधले. कुर्ला, वांद्रे आणि पवई तलाव ही नावं त्यामुळे विषाणूंच्या यादीत गेली. ते अमीबाचे विषाणू, जीवाणूंचे नव्हेत. पण नुसत्या आकारावर जात ठरवली की काय निसटतं, ते यातून दिसतं.

जीवाणुभक्षींचं मोठं घराणं सापडलं ते बांगलादेशात. कुमिल्ला जिल्ह्यातल्या लाकसाम उपजिल्ह्यात विहिरींच्या पाण्यात आर्सेनिक आहे. तिथल्या लोकांच्या आतड्यातले जीवाणू अभ्यासायचे म्हणून लंडनच्या जोआन सँटिनी यांच्या गटाने विष्ठेचे नमुने घेतले. गाळणी नाही, थाळी नाही. नमुन्यातला सगळाच डीएनए वाचायचा आणि संगणकावर तुकडे जुळवायचे, ही बर्कलीच्या जिल बॅनफिल्ड यांची पद्धत. जुळवता जुळवता डीएनएच्या ५ लाख ४० हजारांवर अक्षरांचे भक्षी उभे राहिले. प्रयोगशाळांत पिढ्यानपिढ्या वापरलेला टी-४ हा भक्षी १ लाख ६९ हजार अक्षरांचा आहे, आणि मायकोप्लाझ्मासारखा एक अख्खा जीवाणू ५ लाख ८० हजारांत भागवतो. २०१९ साली हे काम प्रसिद्ध झालं आणि लाकसामच्या नावावरून या भक्षींना 'लाक' म्हटलं गेलं.

ते कोणाला खातात हे कळलं कसं? जीवाणू आपल्यावर हल्ला केलेल्या विषाणूच्या डीएनएचा बारका तुकडा स्वतःच्या डीएनएत जपून ठेवतात. लाकचे तसे तुकडे प्रिव्होटेला नावाच्या जीवाणूंत मिळाले. या भक्षींची आणखी एक रीत मला विलक्षण वाटते. बहुतेक सजीवांत तीन-तीन अक्षरांच्या ज्या तीन खुणा 'इथे थांब' असं सांगतात, त्यातली एक खूण हे भक्षी थांबा न मानता अमिनो आम्ल म्हणून वाचतात.

टांझानियाच्या हाडझा शिकाऱ्यांत, केनियाच्या बबून माकडांत, डेन्मार्कच्या डुकरांत लाक निघाले. २०२१ सालच्या अभ्यासात १३ प्रकारच्या प्राण्यांत मिळाले, डुकरांत सर्वांत जास्त, तेही मोठ्या आतड्याकडे. घोड्यातला एक तर ६ लाख ६० हजार अक्षरांचा. त्याआधी, २०२० साली, जगभरच्या महाकाय भक्षींची वंशावळ लावताना एका शाखेला 'महाफाज' असं संस्कृत वळणाचं नाव देण्यात आलं.

आता आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलाकडे या. प्रिव्होटेला पोसला जातो भातावर, ज्वारीवर, डाळीवर, रानभाजीवर, म्हणजे पाला नि धान्य पचवणाऱ्या पोटात. गाई-म्हशींच्या कोठीपोटात तो मुबलक असतो. २०१५ साली आसाम, तेलंगण, मणिपूर आणि सिक्कीममधल्या १५ आदिवासी समाजांच्या आतड्यांचा अभ्यास छापला गेला, त्यात प्रिव्होटेलाच वरचढ निघाला. यातला तेलंगण सिरोंच्यापासून प्राणहिता ओलांडली की सुरू होतो. मोहाच्या झाडाखाली पहाटे चितळ, रानडुक्कर, वानर आणि टोपली घेतलेल्या बाया एकाच फुलांवर येतात. यजमान जीवाणू, त्याला पोसणारं खाणं आणि इतकी वेगवेगळी आतडी इथे एकाच पट्ट्यात आहेत.

म्हणून गडचिरोलीत २०११ पासून असलेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या जीवशास्त्राच्या मुलांना माझं सांगणं आहे. चितळाच्या ताज्या लेंड्या, गोठ्यातलं शेण, गावडुकराची विष्ठा, एवढ्यावर सुरुवात करता येते, आणि जनावराच्या अंगाला हातही लावावा लागत नाही. जंगलातलं उचलताना वनखात्याची परवानगी घ्या. माणसांचे नमुने लागले तर आधी ग्रामसभेत जाऊन, कशासाठी घेतोय ते गोंडी-माडियात समजावून, होकार घ्या आणि निष्कर्ष त्याच सभेत परत जाऊन सांगा. नवा भक्षी सापडला तर त्याला गावाचं नाव द्यायचं की नाही, हेही गावालाच विचारा. आणि नमुना गाळलात तर गाळणीवर राहिलेला साका फेकू नका.